चिंध्यांपासून कोळसा करून रंगाचं पाणी साफ होतं का? कुणी खरंच करून पाहिलंय?

रबाळेची_लॅबवाली
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात एका डाईंग युनिटच्या लॅबमध्ये आहे. आमचं काम बहुतेक होजिअरी कापडाचं, कॉटन, त्यामुळे रंग जवळजवळ सगळे रिअ‍ॅक्टिव्ह. ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटचं पाणी रोज तपासायचं कामही माझ्याकडेच आहे. आधी तुरटी-चुना, मग एरेशन म्हणजे हवा फुंकणं, मग वाळूचा फिल्टर आणि शेवटी नारळाच्या करवंटीच्या कार्बनचा फिल्टर, अशी आमची साखळी. सीओडी-बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं) नियमात बसतं पण गडद लाल नाहीतर टर्कॉइजची लॉट असली की शेवटच्या नळालासुद्धा पाणी रंग घेऊनच येतं. कार्बन नवीन भरला की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच.

आता मुद्दा. आमच्याच ड्रायरच्या जाळीतून रोज कापसाचं लिंट निघतं, शिवाय कात्रण असतं ते वेगळंच. वाचलं होतं की अशा वाया गेलेल्या तंतूंपासून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन करता येतो. माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते, तिच्या मफल भट्टीत (लॅबमधली विजेची बंद भट्टी) करून बघितलं. पहिल्यांदा झाकण नीट बसलं नव्हतं, उघडलं तर आत चिमूटभर पांढरी राख. दुसऱ्यांदा लिंट फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर भिजवलं, ११० अंशाला सुकवलं, झाकण लावून ५०० अंशाला एक तास ठेवलं, आणि मग गरम पाण्याने धू धू धुतलं. मस्त काळा भुगा मिळाला! मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात टाकून दहा मिनिटं ढवळलं आणि गाळलं तर पाणी काचेसारखं. मैत्रिणीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तोच भुगा, तेवढाच, आमच्या लाल पाण्यात टाकला. तासभर ढवळला. गाळलं तर पाणी गुलाबी! म्हणजे फरक पडला, नाही असं नाही, पण निळ्याचा जो चमत्कार दिसला होता तो कुठे गेला? माझं काय चुकतंय? आणि मुळात हे कारखान्यात करण्यासारखं आहे का? कुणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

कळवा_लोकल
वाचतोय. या विषयातलं शून्य कळतं पण प्रश्न आवडला.

रंगारीकाका
ताई, पहिलाच धागा आणि एवढा नेटका, अभिनंदन. मी आयुष्यभर डाईंग मास्तर होतो, आधी गिरणीत आणि मग प्रोसेस हाऊसमध्ये, आता कोलशेतला घरी बसून नातवंडं सांभाळतो. कार्बनचं शास्त्र तरुण मंडळी सांगतील, मी त्याच्या आधीचं सांगतो.

रंग पाण्यात आला कुठून ते बघा. शंभर किलो कापड, चार टक्के शेड, म्हणजे चार किलो रंग घातला. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी बांधला जातो हे खरं, पण सगळा नाही. काही भाग सोड्याच्या गरम पाण्याशीच लग्न लावून मोकळा होतो, हायड्रोलाइझ होतो म्हणतो आपण, आणि असा रंग पुन्हा धाग्याला धरत नाही. धरा की चारातला एक किलो गेला. तो सगळा तुमच्या गटारात. टर्कॉइज तर त्याहून वाईट, तांब्याचा थॅलोसायनिन, मोठा आडदांड रेणू, धाग्यात नीट शिरत नाही आणि बांधलाही कमी जातो. म्हणून टर्कॉइजच्या लॉटला तुमचं पाणी नेहमी बोंबलणार.

आता उपाय. दोन हातांचे, म्हणजे बायफंक्शनल रंग घ्या, ते जास्त बांधले जातात. मीठ आणि सोड्याचं डोसिंग हळूहळू करा, एकदम ओतू नका. मशीनमध्ये पाण्याचं प्रमाण कमी ठेवा. आमच्या वेळी विंच या जुन्या मशीनला एक किलोला पंधरा-वीस लिटर पाणी असायचं, आता सॉफ्ट फ्लोला सहा-आठात होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला ड्रेन, म्हणजे रंगवून झाल्यावर पहिल्यांदा सोडलेलं गडद पाणी, आणि नंतरच्या धुण्याचं पाणी एकत्र करू नका. एवढं सांभाळलंत की कार्बनवरचं निम्मं ओझं कमी होईल.

भिवंडीचा_मागवाला
चिंधी फुकट मिळते हा शहरातल्या लोकांचा गैरसमज आहे, राग मानू नका ताई. आमच्याकडे मागावरचं वेस्ट सूत, कात्रण, सगळ्याला भाव आहे. पांढरी कॉटन चिंधी मशीन पुसायला जाते, चांगलं सूत पुन्हा पिंजून जाडं सूत काढायला जातं, उरलेलं गादीत. ज्याला कुणी विचारत नाही ते म्हणजे पीसी, पॉलिएस्टर-कॉटन मिक्स. आणि त्याचं काय होतं ते काडी लावून बघा. कॉटन कागदासारखं जळतं, वास पण कागदाचा, मऊ राख. पॉलिएस्टर वितळून काळा कडक मणी होतो. तुमच्या भट्टीत ते वितळून भांड्याला चिकटून बसेल आणि तुम्ही खरवडत बसाल. आधी गोणीतलं काय आहे ते ओळखा मग पुढचं.

आणि मागावरच्या सुताला खळ असते, ती न काढता जाळलं तर अजून घोळ.

सूक्ष्मछिद्र
चला, माझा विषय निघाला. माटुंग्याला यावरच काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो, सहन करा.

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. कार्बन चांगलाच झालाय. तुम्ही परीक्षा सोप्या पेपरावर घेतली, एवढंच. हा घोळ आमच्या क्षेत्रात सर्रास होतो, म्हणजे उसाचं चिपाड घ्या, केळीची सालं घ्या, चिंधी घ्या, कार्बन करा, मिथिलीन ब्लू घाला, निळा गेला, संपला प्रबंध. आणि कापूस रंगवणाऱ्या कारखान्याच्या पाण्यात मिथिलीन ब्लू असतो कुठे?

कारण एक, आकार. कार्बनची ताकद म्हणजे त्यातली भोकं. २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म, २ ते ५० ती मधली, त्याहून मोठी ती मोठी. एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो म्हणतात ना, तो मुख्यतः सूक्ष्म भोकांतला. मिथिलीन ब्लूचं रेणुभार ३२० च्या आसपास, बारीक आणि चपटा, आत सरकतो. तुमचा रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या, जवळजवळ ९९२. तिप्पट. तो दारातच अडकतो, आतल्या खोल्या रिकाम्याच राहतात. नारळाच्या करवंटीचा कार्बन सगळ्यात जास्त सूक्ष्म भोकांचा असतो, पिण्याच्या पाण्याला आणि वायूंना उत्तम, पण मोठ्या रंगांना तो तितका चालत नाही. तुमचा फिल्टर लवकर का बसतो याचं अर्धं उत्तर इथे आहे. अ‍ॅसिडने केलेल्या कार्बनमध्ये मधली भोकं तुलनेने जास्त निघतात, म्हणजे या बाबतीत तुमचं लिंट करवंटीच्या पुढे जाऊ शकतं!

कारण दोन, भार. मिथिलीन ब्लू पाण्यात धन भाराचा. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना सल्फोनेटची शेपटं असतात, ते ऋण. फॉस्फोरिक अ‍ॅसिडने ५०० अंशाला केलेल्या कार्बनवर ऑक्सिजनचे आम्ल गट भरपूर असतात, साध्या पाण्यात तो पृष्ठभागही ऋण होतो. ऋण ऋणाला ढकलणार. तुमच्या लाल पाण्याचा पीएच किती होता तेव्हा?

रबाळेची_लॅबवाली
@सूक्ष्मछिद्र, बापरे, डोक्यात प्रकाशच पडला. पीएच साडेनऊ होता, मी इक्वलायझेशन टाकीतलंच पाणी घेतलं होतं.
@रंगारीकाका, पहिला ड्रेन वेगळा करायचं मी दोनदा सुचवलंय, पाइपलाइनचा खर्च म्हणून राहिलंय. पुन्हा सांगते.
@भिवंडीचा_मागवाला, राग कसला दादा, काडी लावून बघितलं लगेच. ड्रायरचं लिंट कागदासारखं जळलं, पण कात्रणाच्या दोन तुकड्यांचा मणी झाला. लायक्रा-पॉलिएस्टर असणार.

सूक्ष्मछिद्र
साडेनऊला तो गुलाबीपर्यंत आला हेच खूप आहे. पीएच ३ ला आणून बघा.

मीठभाकर
पण पाण्यात मीठ केवढं असतं, गडद शेडला लिटरला साठ-ऐंशी ग्रॅम, त्या मिठाने कार्बनची भोकं भरून जाणार नाहीत का? माझ्या मते खरा अडथळा तोच.

सूक्ष्मछिद्र
@मीठभाकर, उलट आहे. साधं मीठ कार्बनला फारसं चिकटत नाही. आणि रंग ऋण, पृष्ठभाग ऋण असताना मधे मीठ असलं की दोघांचं ढकलणं कमी होतं, रंग जास्त चिकटतो. डाईंगला मीठ कशासाठी घालतात? कापूसही पाण्यात ऋणच असतो, मिठाने रंग त्याच्याकडे जातो. तीच गोष्ट इथे.

रंगारीकाका
वा! चाळीस वर्षं मीठ घातलं, कार्बनलाही तेच लागू होतं हे आज कळलं.

मीठभाकर
ओके, मान्य. पण मग मीठ तर पाण्यात तसंच राहिलं की.

सीईटीपीचा_माणूस
तेच सांगायला आलो. मी सामायिक प्रक्रिया केंद्रात काम करतो, कुठल्या ते सोडा. कार्बन रंग काढतो, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, काढत नाही. एक टक्काही नाही. २०१६ च्या नियमांत कापड उद्योगाला रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट युनिट आणि टीडीएसची लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे. बरेच जण रंग गेला की पाणी सुटलं समजतात. बाटलीत पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि मीटर लावला की पाच हजार.

दुसरं, चिंधीचा कार्बन पिठासारखा होतो. तो फिल्टरच्या नळकांड्यात भरला तर चोक होणार, दोन तासांत प्रेशर चढतं. भुकटीच वापरायची असेल तर एरेशनच्या टाकीत किंवा त्याच्या पुढच्या टाकीत घालून ढवळा आणि गाळासोबत बसवा. मग गाळ वाढतो, तो फिल्टर प्रेसला दाबून काढावा लागतो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं. वापरलेला कार्बन कुठे टाकणार? रंग काही नाहीसा झालेला नसतो, पाण्यातून उचलून भुग्यात बसवलाय फक्त. तो घातक कचरा, तळोज्याच्या केंद्रावर पाठवायचा, वजनावर पैसे. ओला पाठवला तर पाण्याचेही पैसे. फुकट लिंटच्या हिशोबात हे कुणी धरत नाही.

आणि ताई, तुम्ही अ‍ॅसिड धुवायला पाणी किती वापरलंत?

रबाळेची_लॅबवाली
खरं सांगू, मोजलंच नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून काल पुन्हा एक घाण, म्हणजे बॅच, काढला आणि मोजलं. वीस ग्रॅम कार्बन, पीएच सहावर यायला चार लिटर गरम पाणी. आणि त्या धुण्यात सगळं फॉस्फेट. म्हणजे रंगाचं पाणी साफ करायला मी अ‍ॅसिडचं पाणी तयार करतेय. रात्री झोप लागली नाही नीट.

सूक्ष्मछिद्र
अहो झोपा. पहिलं धुणं दाट अ‍ॅसिडचं असतं, ते वेगळं ठेवून पुढच्या घाणाच्या भिजवणीला वापरायचं. शेवटची धुणी पुढच्या घाणाच्या पहिल्या धुण्याला. भांडी विसळतो तसं, शेवटचं स्वच्छ पाणी पुढच्या भांड्याच्या पहिल्या विसळणीला.

झिंक क्लोराइड मात्र वापरू नका, भोकं छान पाडतं पण जस्त पाण्यात उतरतं.

दिवाळ्याचा_कोळी
मी दिवाळे कोळीवाड्याचा. तुमचं रसायनशास्त्र मला सगळं कळलं नाही पण धागा दोनदा वाचला. आमचे बाबा आणि आजोबा खाडीत डोल जाळी लावायचे. बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी जिताडा, बोय, चिंबोऱ्या, कोलंबी घराच्या दारात मिळायची, बाजारात जायचं फक्त विकायला. मग पट्ट्यात कारखाने आले. आजी पाण्याचा वास घेऊन सांगायची आज डोल लावू नका. रंग दिसायचा तो नाल्याच्या तोंडाला, पुढे भरतीत मिसळून जायचा, पण निवट्या (चिखलातले छोटे मासे) आधी तिथूनच गेल्या.

आता त्याच खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर. लोक कॅमेरे घेऊन येतात. चांगलंच आहे, पण पक्षी चिखलातलंच खातो ना. मला एकच विचारायचंय, रंग गेला म्हणजे विष गेलं का? का फक्त डोळ्यांना दिसेनासं झालं?

आणि ताई, शेवटच्या नळाचं पाणी कुठला रंग घेऊन येतं हे विचारणारी तुम्ही पहिलीच बघितली. झोप लागली नाही म्हणालात ते मनाला लागलं.

कळवा_लोकल
कोळीदादा +१. या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय.

सूक्ष्मछिद्र
@दिवाळ्याचा_कोळी, फार बरोबर प्रश्न. दोन्ही प्रकार असतात. ओझोन किंवा फेंटन (पेरॉक्साइड आणि लोखंडाचा क्षार, पीएच ३ ला) रंगाचा रेणू तोडतात. अ‍ॅझो रंगातला नायट्रोजन-नायट्रोजनचा बंध तुटला की रंग गेला, पण तुकडे पाण्यातच राहतात. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जीवाणू तोच बंध तोडतात तेव्हा अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होतात, बिनरंगाचे, आणि त्यातले काही कॅन्सर करणारे. याच अमाइनच्या भीतीने जर्मनीने १९९४ ला काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली आणि मग आपल्याकडेही यादी आली. कार्बनचं वेगळं आहे, तो रेणू अख्खा उचलतो. तुकडे पाण्यात सोडत नाही. म्हणून मला तो आवडतो. पण मग सीईटीपीवाले दादा म्हणाले तसं, उचललेलं नीट ठेवायची जबाबदारी आपली.

दिवाळ्याचा_कोळी
समजलं. म्हणजे जाळ्यात धरला तो मासा पुन्हा पाण्यात सोडायचा नाही.

सूक्ष्मछिद्र
अगदी हेच.

ओझोनभक्त
सरळ ओझोन लावा हो. कशाला चिंध्या जाळताय. नाहीतर आरओ आणि पाठी बाष्पीभवन, एक थेंब बाहेर नको.

सीईटीपीचा_माणूस
@ओझोनभक्त, वीजबिल कोण भरणार? छोट्या युनिटला बाष्पीभवन परवडत नाही, म्हणून तर आमच्याकडे पाणी येतं. आणि आरओच्या आधीही रंग काढावाच लागतो, नाहीतर पडदा खराब होतो. ओझोनने रंग झटकन जातो पण सीओडी बराचसा तिथेच असतो.

शाळेतली_बाई
थोडं अवांतर विचारू का? मी ठाण्यात नौपाड्याला शाळेत विज्ञान शिकवते. चुलीतला कोळसा आणि हा कार्बन यात नेमका फरक काय? मुलांना वर्गात दाखवता येईल असं काही सुचवा. २०१७ ला तळोज्याचे निळे कुत्रे आणि २०२० ला डोंबिवली एमआयडीसीतला गुलाबी रस्ता, ही दोन्ही कात्रणं मी वर्गात लावलीयत, मुलं विचारतात की बाई हे धुता येत नाही का.

सूक्ष्मछिद्र
बाई, अवांतर मुळीच नाही. चुलीतला कोळसा म्हणजे जाळी न पडलेला अनारसा. अख्खा आहे, काळा आहे, पण आत सगळं बंद. अ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे त्याला जाळी पाडणं. एकतर आधी अ‍ॅसिड मुरवून भाजायचं, किंवा भाजलेल्या कोळशावरून ८००-९०० अंशाला वाफ सोडायची, वाफ कोळशाचा थोडा भाग खात जाते आणि भोकं पडतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून हे घरी कुणीही करायचं नाही!

वर्गासाठी: अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात माशांच्या बुरशीवरचं निळं औषध मिळतं, ते मिथिलीन ब्लूच. तिथेच फिल्टरचा कार्बनही मिळतो. दोन ग्लासात फिकट निळं पाणी, एकात कुटलेला साधा कोळसा, दुसऱ्यात कुटलेला कार्बन, अर्धा तास, आणि कॉफीच्या कागदातून गाळा. हातमोजे घाला, डाग जात नाहीत.

शाळेतली_बाई
अनारसा! उद्याच सांगते मुलांना. खूप खूप आभार.

ऊसाचा_मळा
कोळशाने रंग काढणं जुनं आहे, रशियात लोविट्झने १७८५ ला कोळशाने द्रावणाचा रंग काढला होता, पुढे युरोपात साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरायचे. आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळात भेंडीच्या झाडाचा चीक घालून मळी वर काढतात. तुरटीच्या जागी ते चालेल का?

रंगारीकाका
डिस्पर्सला कदाचित. पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कण असतात, ते चीक-तुरटी-फेरससोबत खाली बसतात. उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्यांचा नीळही तसाच, हवा लागली की न विरघळणारा. रिअ‍ॅक्टिव्ह मात्र साखरेसारखा विरघळलेला, तुरटीला फारशी दाद देत नाही. म्हणून कुठला रंग ते आधी विचारायचं, उपाय नंतर.

ऊसाचा_मळा
पटलं काका.

स्वेटरवाली
आमच्याकडे अ‍ॅक्रेलिक लोकरीचं खूप वेस्ट निघतं. त्याचा होईल का कार्बन?

सूक्ष्मछिद्र
होतो, आणि फार सुंदर होतो. अ‍ॅक्रेलिक आणि व्हिस्कोस या दोन्हींपासून कार्बन तंतू बनवतातच. अ‍ॅक्रेलिकमध्ये नायट्रोजन असतो, त्याने पृष्ठभाग ऋण रंगांना जास्त अनुकूल होऊ शकतो. पण ठळक अक्षरात वाचा: अ‍ॅक्रेलिक तापवलं की हायड्रोजन सायनाइड निघतो. जीवघेणा वायू. धूर शोषून धुण्याची यंत्रणा असलेल्या ठिकाणीच. घरी, गच्चीवर, कॉलेजच्या साध्या भट्टीत अजिबात नाही.

स्वेटरवाली
बरं झालं विचारलं. हात लावत नाही.

रबाळेची_लॅबवाली
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. ऑडिट होतं, आणि मधल्या वेळात बरंच करून बघितलं. सविस्तर लिहिते.

आधी पीएच. तेच लाल पाणी, तोच कार्बन, पीएच ३. गाळल्यावर पाणी जवळजवळ रंगहीन! मी खुर्चीतून उठलेच. पण मग हिशोब केला. आमच्या पाण्यात सोडा अ‍ॅश एवढा की ३ ला आणायला अ‍ॅसिड भरपूर लागतं, मग पुढे पुन्हा न्यूट्रल करायला अल्कली, आणि दोन्हींचं शेवटी मीठच होतं. टीडीएस अजून वर. म्हणजे लॅबमध्ये पास, कारखान्यात नाही.

मग सूक्ष्मछिद्र यांनी व्यनित (खासगी निरोपात) सुचवलेलं केलं. तोच फॉस्फोरिकचा कार्बन नायट्रोजनच्या प्रवाहात ८०० अंशाला पुन्हा तापवला. त्याने पृष्ठभागावरचे आम्ल गट उडतात. हा कार्बन एरेशननंतरच्या, साडेसातच्या पाण्यात घातला आणि लाल बऱ्यापैकी गेला, आधीच्या गुलाबीपेक्षा कितीतरी चांगलं. टर्कॉइज अजूनही त्रास देतोय. आणि तेवढ्याच वजनाचा आमच्या फिल्टरमधला करवंटीचा कार्बन कुटून घातला तर तो मागे पडला! नवीन गोणीतला होता, वापरलेला नाही. त्या दिवशी घरी जाताना ऐरोलीच्या पुलावरून खाडी दिसली आणि खूप बरं वाटलं, खरंच.

आता काकांचा एक किलो रंग. कार्बनच्या ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम रंग धरला तर एक किलो रंगाला दहा किलो कार्बन. लिंटचा तिसरा हिस्सा कार्बन मिळतोय, म्हणजे तीस किलो लिंट. शंभर किलो कापडामागे आमचं लिंट एक-दीड किलो निघतं. कुठे तीस आणि कुठे दीड! म्हणजे सगळा रंग आपल्याच लिंटने काढायचा ही माझी कल्पना चूक होती. आधीच्या टप्प्यांनी बहुतेक रंग काढला आणि शेवटची झाक तेवढी लिंटच्या कार्बनला दिली, तरच जमतं.

म्हणून मालकांना कागदावर मांडून दिलं. एक, पहिला ड्रेन वेगळा. दोन, गडद लालला बायफंक्शनल रंग, त्याची ट्रायल झाली, पहिल्या सोपिंगचं (साबणाच्या धुण्याचं) पाणी डोळ्यांना कळेल इतकं फिकट आलं. तीन, फिल्टरच्या आधी एका छोट्या टाकीत लिंटच्या कार्बनची भुकटी, फक्त गडद लॉटच्या दिवशी. तीनपैकी पहिल्या दोनला होकार मिळाला! पाइपलाइनचं काम दिवाळीच्या बंदमध्ये करणार आहेत. तिसऱ्याला म्हणाले आधी वापरलेल्या कार्बनचं काय ते सांग.

सीईटीपीचा_माणूस
पहिल्या ड्रेनबद्दल मनापासून अभिनंदन, हे मोठं काम झालं. वापरलेल्या कार्बनसाठी सांगतो, आधी फिल्टर प्रेसने कोरडा करा, वजन खूप उतरतं. पुन्हा तापवून जिवंत करता येतो, ८००-९०० अंशाला, दर वेळी पाच-दहा टक्के घट येते, पण ते दाणेदार कार्बनला परवडतं, भुकटी उडून जाते.

सूक्ष्मछिद्र
म्हणूनच भुकटी न करता लिंटचं आधी जाड नमद्यासारखं कापड दाबून मग भाजता आलं तर? तंतूचा आकार टिकतो, गाळायला सोपं, आणि उचलून पुन्हा भट्टीत घालता येतं. पुरेसा चांगला कापूस असेल तर करून बघू. तुमच्या लिंटचे तंतू फार आखूड आहेत, नमदा धरणार नाही, थोडं लांब तंतूचं सूत मिसळावं लागेल.

भिवंडीचा_मागवाला
ताई माझ्याकडे शंभर टक्के कॉटनची वेस्ट गोणी बाजूला काढून ठेवलीये, पैसे नकोत. दिवाळ्याच्या दादांचं वाचलं तेव्हाच काढली. रविवारी या घेऊन जा, कारखाना बंद असतो, चहा घरी.

दिवाळ्याचा_कोळी
मागवाले दादा, तुमच्या घरी सुकी कोलंबी पाठवतो ताईंच्या हाती.

रबाळेची_लॅबवाली
दादा, रविवारी नक्की येते, मैत्रीणही येतेय भट्टीवाली. फक्त खळ लावलेलं सूत त्यात नको, आणि गोणीवर काडी लावून बघितल्याचं लिहून ठेवा.

भिवंडीचा_मागवाला
पाच ठिकाणांहून काढून जाळून बघितलं. पाचही वेळा कागद.